आजोबांच्या आईचं नाव शोधतोय, जुन्या दप्तरात कुठे मिळेल?

कोयनाकाठ:

नमस्कार. बरेच महिने इथले धागे वाचतोय, लिहायची वेळ आज आली. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमचं मूळ गाव जावळी तालुक्यातलं, ते कोयनेच्या शिवसागरात गेलं. पाणी चढायला लागलं तसे आजोबा बायकापोरं आणि दोन बैल घेऊन इकडे ठाणे जिल्ह्यात आले आणि मग इथलेच झाले. २०११ ला वारले. गावाबद्दल बोललेच तर शेताबद्दल बोलायचे, माणसांबद्दल नाही.

गेल्या पितृपक्षात वडील श्राद्धाला बसले होते, गुरुजी नावं विचारत होते, पिता पितामह प्रपितामह झालं, मग माता झाली, मग पितामही आली तर वडिलांनी नेहमीचं नाव सांगितलं आणि मागून आत्या म्हणाली, अरे ती आबांची सावत्र आई, खरी आई आबा दीड-दोन वर्षांचे असतानाच गेली. गुरुजी थांबले. खऱ्या आईचं नाव काय, तर आत्यालाही माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. म्हणजे जिने आमच्या आजोबांना जन्म दिला तिचं नाव या घरातल्या एकाही माणसाला सांगता येत नाही, आणि इतकी वर्षं तिच्या नावाने कोणी पाणीही सोडलेलं नाही. तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये.

माहिती आहे ती एवढीच. पणजोबा मुंबईला गिरणीत होते. पहिली बायको गेल्यावर वर्षभरात दुसरं लग्न झालं. पहिलीचं माहेर कुठलं ते माहीत नाही.

हाताशी असलेले कागद:

आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. जन्मतारीख १ जून १९३०, जन्मठिकाण म्हणून पाटण तालुक्यातलं एक गाव लिहिलंय, तिथे आमचं काहीच नाही, ना जमीन ना पाहुणे, त्यामुळे ती मास्तरांची चूक असावी. मग एक मोडीतला कागद, स्टॅम्प पेपरवर, घडीवर फाटलाय, फोटो जोडलाय. आणि प्रकल्पग्रस्ताचा दाखला.

गावच नाही तर गावाचं दप्तर कुठे असतं? आणि त्या काळात बायकांची नावं कुठल्या कागदावर तरी लागायची का? कुठून सुरुवात करू ते सांगा.


मोडीवेडा:

फोटो बघितला. आधी एक विनंती, हा कागद लॅमिनेट करू नका आणि फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका, चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत शाईसकट कागद खातो. सुती कापडात सपाट ठेवा आणि दिवसाच्या उजेडात वरून सरळ फोटो काढा, फ्लॅश नको.

कागद कर्जरोखा आहे, शके १८३४ चा, म्हणजे ७८ मिळवले की १९१२-१३. सावकाराकडून घेतलेली रक्कम आणि फेडीचा करार आहे, त्यात तुम्हाला रस नसेल, पण वरची आणि खालची ओळ तुमच्या कामाची आहे. वर लिहून देणार म्हणून दोन नावं आहेत. एक पुरुष, त्याच्यापुढे "बिन" आणि बापाचं नाव. "बिन" म्हणजे मुलगा, तुम्हाला दुसऱ्या कागदांवर "वलद" पण दिसेल, अर्थ तोच. तुम्ही खाजगी निरोपात दिलेल्या नावांवरून हे तुमचे खापरपणजोबा. आणि दुसरं नाव बाईचं आहे! नावापुढे "कोम" आणि मग नवऱ्याचं नाव, त्याच्याआधी "मयत". "कोम" म्हणजे अमक्याची बायको. म्हणजे खापरपणजोबा आणि त्यांची विधवा आई दोघांनी मिळून हा रोखा लिहून दिलाय.

आता सगळ्यात खाली बघा, उजव्या कोपऱ्यात दोन चित्रं आहेत, तुम्हाला शाईचे डाग वाटले असतील. एक नांगर आहे आणि दुसरी बांगडी. ज्यांना सही येत नव्हती ते आपली निशाणी काढायचे, कुणबी नांगर काढायचा, बाई बांगडी काढायची, आणि शेजारी लिहिणारा "निशाणी" म्हणून नाव लिहायचा. तो वाकडा गोल तुमच्या घरातल्या बाईची सही आहे, एकशे दहा वर्षांपूर्वीची. मला असे कागद वाचताना दर वेळी तिथे थांबायला होतं.

तुम्ही शोधताय ती मात्र यात असणार नाही, १९१२ ला ती तुमच्या घरात आलेलीच नव्हती.

मोडी शिकायचं मनावर घ्या, अवघड आहे पण अशक्य नाही. आधी अख्ख्या ओळीची रेघ ओढायची आणि मग बोरूने अक्षरं लोंबकळत ठेवायची अशी ती लिपी आहे, शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यामुळे पहिले पंधरा दिवस भिंतीवर डोकं आपटल्यासारखं होतं. पण तुम्हाला बखर वाचायची नाहीये. नोंदवहीत तेच तेच शब्द येतात, मौजे, बिन, कोम, राहणार, हल्ली वस्ती, मयत. हे सहा-सात आणि आपल्या घरातली नावं डोळ्याला ओळखता आली की पान चाळता येतं. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळातही शिकवतात.


निवृत्त_सर्कल:

महसूलमध्ये हयात गेली, शेवटी मंडळ अधिकारी म्हणून बाहेर पडलो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

गाव पाण्यात गेलं म्हणून दप्तर पाण्यात जात नाही. बुडीत गावांचं तलाठी दप्तर गोळा होऊन तालुक्याला जमा झालेलं असतं, तुमच्या बाबतीत मेढ्याला तहसीलच्या अभिलेख कक्षात विचारायचं. नक्कल अर्ज करायचा, त्याला कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, आणि अर्जात मोघम "आमची जुनी माहिती मिळावी" असं लिहायचं नाही, गावाचं नाव, नमुना नंबर आणि साल लिहायचं. मोघम अर्ज आला की कारकून बिचारा काय शोधणार, तो परतच करतो.

तुमच्यासाठी कुठला कागद काय देईल ते बघा. भूसंपादनाचा निवाडा आणि पुनर्वसनाचं संकलन रजिस्टर, यात धरणाच्या वेळचे खातेदार आणि त्यांचं कुटुंब मिळेल, पण ती बाई तोवर तीस वर्षांपूर्वी गेलेली, त्यामुळे तिथे नाही. सातबारा, फेरफार, क.ड.ई. पत्रक, हक्क नोंदणी पत्रक ही सगळी जमिनीची कागदपत्रं, तिथे बाई कधी येते तर नवरा मेल्यावर वारस म्हणून लागली तर, किंवा अज्ञान मुलाची पालनकर्ती आई म्हणून. तुमची पणजी नवऱ्याआधी गेली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधी बापाच्या जमिनीलाही मुलीचं नाव सहसा लागायचं नाही. म्हणजे जमिनीच्या दप्तरात तिला शोधण्यात वेळ घालवू नका, मनाला लागेल पण खरं आहे.

तिचं नाव असण्याची एकच सरकारी जागा मला दिसते, गाव नमुना १४. जन्म-मृत्यूची नोंदवही. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा येऊन ग्रामपंचायतीकडे हे काम जायच्या आधी गावकामगार पाटलाकडून या नोंदी व्हायच्या. जन्माच्या नोंदीत बापाचं नाव लागतं, आईचं बऱ्याचदा नसतंच. पण मृत्यूच्या नोंदीत मयताचं नाव लिहावंच लागतं, मग ती बाई असो की चार दिवसांचं पोर. म्हणून जन्म नको, मृत्यू शोधा.

साल कुठलं धरायचं? १ जून १९३० वर विसंबू नका. आपल्याकडे एका पिढीचे अर्धे लोक १ जूनला जन्मलेत. शाळेत नाव घालायला नेलं की मास्तर पोराकडे बघून वय ठरवायचे आणि शाळा जूनला सुरू व्हायची म्हणून १ जून टाकायचे. तीन वर्षं मागे आणि तीन वर्षं पुढे असं धरून १९२७ ते १९३३ सगळी पानं बघा.

२०२३ नंतर कुणबी नोंदी शोधायच्या निमित्ताने सगळ्या जिल्ह्यांत या मोडी वह्या कपाटातून बाहेर निघाल्या, स्कॅन झाल्या, जिल्ह्यांच्या वेबसाइटवर गावनिहाय टाकल्या गेल्या. तिथेही बघा, पण तिथे जातीची नोंद सापडलेली पानं आहेत, अख्ख्या वह्या नाहीत. तिथे नाव नाही याचा अर्थ वहीत नाही असा होत नाही. जुने सातबारा-फेरफार "आपले अभिलेख" या सरकारी वेबसाइटवर जिथे स्कॅन झालेत तिथे घरबसल्या मिळतात, खापरपणजोबांच्या वारसांसाठी ते उपयोगी पडतील.


पैठणकर:

मध्येच विचारतो, धागा भरकटवायचा नाहीये. आमच्याकडे मराठवाड्यात हे नमुना १४ वगैरे निजामाच्या काळात कसं शोधायचं? माझ्याकडे खासरा पाहणी आहे १९५४-५५ ची, त्याच्या मागचं सगळं उर्दूत आहे आणि साल १३३० असं काहीतरी दिसतंय, हिजरी आहे का?


निवृत्त_सर्कल:

पैठणकर, ते फसली असणार, म्हणजे महसुलाचं साल. ५९० मिळवा, साधारण १९२०-२१ येतं. हिजरी धरलं तर १९१२ च्या आसपास जाल आणि भलत्याच पिढीत अडकाल. उर्दू वाचणारा जुना माणूस गाठा, तालुक्याला बाहेर अर्ज लिहिणारे बसतात त्यांना विचारलं की कोणीतरी सांगतं. आणि नवीन धागा काढा, मी तिथे लिहीन, तुमच्याकडची पद्धत पूर्ण वेगळी आहे.


माहेरवाशीण:

मी काही यातली जाणकार नाही, पण मघापासून सगळे ज्या गोष्टीवरून पुढे जाताय ती मला दिसतेय म्हणून लिहिते.

दादा, दाखल्यावरचं ते पाटण तालुक्यातलं गाव चुकीचं नाहीये. ते तुमच्या पणजीचं माहेर आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरून मुलगी माहेरी न्यायची आणि सव्वा महिना झाल्यावर, कधी तीन महिन्यांनी, बाळ घेऊन ती सासरी यायची. तुमचे आजोबा पहिलेच ना? मग ते आपल्या आजोळी जन्मले. मास्तरांनी वय अंदाजाने टाकलं असेल पण गाव कशाला अंदाजाने टाकतील, ते घरच्यांनीच सांगितलं असणार. माझ्या सासऱ्यांच्या दाखल्यावर पण असंच गाव आहे, आणि आम्ही ते वीस वर्षं चूक समजत होतो.

आणि अजून एक, लिहायला बरं वाटत नाही तरी लिहिते. आजोबा दीड-दोन वर्षांचे असताना ती गेली म्हणजे दुसऱ्या खेपेची वेळ होती. तेव्हा कितीतरी बायका त्यातच जायच्या. आजारी सुनेला माहेरी पाठवायची पण रीत होती. त्यामुळे जावळीच्या गावात तिची नोंद नाही मिळाली तर तिथेच थांबू नका, पाटणच्या त्या गावाची वही मागा. जन्मही तिथे आणि कदाचित मृत्यूही तिथेच.


निवृत्त_सर्कल:

ताई, माझ्या नजरेतून हे सुटलं. इतकी वर्षं वह्या हाताळल्या, पण बापाच्या गावाच्या पलीकडे बघायची सवयच नाही. कोयनाकाठ, ताई म्हणतात तसं आधी करा. पाटण तहसील, नमुना १४, त्या गावाचं नाव, १९२७ ते १९३३.


गोदाकाठ:

तीर्थोपाध्यांच्या वह्या राहिल्या. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया, जिथे जिथे आपली माणसं अस्थी घेऊन किंवा श्राद्धाला गेली तिथे त्यांच्या उपाध्यांकडे नामावळी असते, गाव आणि आडनावावरून लावलेली. आमच्या घराण्याची त्र्यंबकला सात पिढ्यांची निघाली, त्यातल्या चार आम्हाला ठाऊकच नव्हत्या, आणि एका जागी आमच्या आजोबांच्या आजोबांनी स्वतःच्या हाताने मोडीत लिहिलंय की मी अमुक कारणाने आलो, बरोबर भाऊ आणि आई. मी तिथे बसून रडलो, खोटं कशाला सांगू.

यात बायकांची नावं सरकारी कागदापेक्षा जास्त मिळतात, कारण श्राद्धाला आई, आजी, पणजी अशा तीन आणि आईच्या माहेरच्याही पिढ्या घ्यायच्या असतात. म्हणून एक युक्ती सांगतो, पणजीचं नाव फक्त तुमच्या घराण्याच्या पानावर शोधू नका. तिचं माहेर कळलं की त्या घराण्याचं पानही काढायला सांगा, तिचा भाऊ कधी आईबापाचं करायला गेला असेल तर बहिणीचं नाव लागलेलं असू शकतं.

जाताना गावाचं जुनं नाव, तालुका, आडनाव आणि बदललं असेल तर आधीचं आडनाव, कुळ, सगळं लिहून न्या. आणि लक्षात ठेवा, वहीत जे आहे ते आलेल्या माणसाने सांगितलेलं आहे. चुलत्याला बाप आणि पुतण्याला मुलगा लिहिलेलं मी बघितलंय. दुसऱ्या कागदाशी ताडल्याशिवाय पक्कं धरू नका.

सांगली-कोल्हापूर-सोलापूरकडच्यांसाठी, हेळव्यांना विसरू नका. सुगीला दारात येऊन कूळकथा म्हणणारे हेळवी, त्यांच्याकडे पिढ्यानपिढ्यांच्या पोथ्या आहेत. आता पोरं दुसऱ्या कामाला लागलीत, येणं कमी झालंय. कोणी आला तर त्याला बसवून घ्या आणि रेकॉर्ड करा.


गिरणगाव:

पणजोबा गिरणीत होते म्हणता, तर मुंबईतही बघा. घाटावरच्या गावांच्या गावकीच्या खोल्या असायच्या परळ-लालबाग-काळाचौकीकडे, एका खोलीत गावातले वीस-तीस गडी पाळीपाळीने झोपायचे, आणि त्या गावकीची वर्गणीची वही असायची. कोण कधी आला, कोणाच्या घरी काय झालं, मयतीला किती दिले, सगळं त्यात. आमच्या गावची १९२० च्या दशकापासूनची आहे, मंडळाच्या ट्रंकेत. तुमच्या बुडालेल्या गावाचं मंडळ अजूनही असेल, बुडीत गावांची मंडळं उलट जास्त घट्ट टिकलीत.

आणि एक सुचलं. १९२८ ला गिरण्यांचा मोठा संप झाला, एप्रिल ते ऑक्टोबर, सहा महिने. पगार बंद, खाणार काय, हजारो गडी गावाला निघून गेले आणि शेतावर राबले. एरवी गडी वर्षातून एकदा गावाला यायचा. तुमचे आजोबा १९३० ऐवजी १९२९ चे निघाले तर मला नवल वाटणार नाही.


इतिहासप्रेमी_सातारा:

मी थोडा वेगळा सूर लावतो. इथे शोधायला येणाऱ्या दहातल्या आठ जणांना आपलं घराणं कुठल्यातरी सरदाराला नेऊन जोडायचं असतं, आणि मग वरून खाली येतात, आधी राजा आणि मग मधल्या पिढ्या कशाही भरायच्या. कोयनाकाठनी उलटं केलंय, स्वतःपासून सुरुवात आणि एका वेळी एक पिढी. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडायची घाई करू नका कोणी. तिथे वतनदार सापडतील, इनामदार सापडतील, साधा कुणबी सापडायला नशीब लागतं. आधी तालुका संपवा, मग पुणे. आणि १९१८ ची पानं बघणाऱ्यांनी मन घट्ट करून बघा, ऑक्टोबर-नोव्हेंबरला इन्फ्लुएंझाच्या साथीत एकेका घरातली चार-चार माणसं लागोपाठ लिहिलेली आहेत. तिथे वंशावळ एकदम तुटलेली दिसते, पुष्कळ वेळा कारण तेच असतं.


कोयनाकाठ:

चार महिन्यांनी परत येतोय. उशीर झाला, पण हातात काही असल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

आधी मेढ्याला गेलो. आमच्या गावच्या वह्या आहेत, पण १९२६ ते ३४ ची वही ओल लागून चिकटलीय, पानं सुटत नाहीत, त्यांनी जबरदस्ती केली नाही आणि मीही म्हटलं नको. त्या दिवशी घरी येताना सगळं संपलं असंच वाटत होतं. मग ताईंचा मेसेज परत वाचला आणि पाटणचा अर्ज केला. तीन हेलपाटे झाले. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तिथल्या कारकून बाईंनी वही टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाल्या, आम्हाला मोडी येत नाही, तुम्हाला येतं तर बघा समोर बसून.

मला येतं असं म्हणायची हिंमत नव्हती, पण दोन महिने मोडीवेडा दादांनी सांगितलेले सहा-सात शब्द आणि घरातली नावं गिरवत होतो. रात्री जेवण झालं की पाटीवर. मुलगी पण बसायची.

आजोबांचा जन्म मिळाला. मे १९२९. गिरणगाव दादा, तुमचं बरोबर निघालं, संपानंतरचंच. बापाचं नाव आमच्या पणजोबांचं आणि राहणार म्हणून आमचं बुडालेलं गाव. आईचं नाव नाही. सर्कल काकांनी सांगितलंच होतं, तरी वाईट वाटलं.

मग पुढे पानं उलटत गेलो. १९३० गेलं, १९३१ च्या जानेवारीत एका ओळीत मला "कोम" दिसलं. नुसतं तेवढंच ओळखता आलं आधी. त्याच्या पुढे पणजोबांचं नाव. मग "राहणार" आणि आमचं गाव, "हल्ली वस्ती" आणि हे गाव. वय १९. कारण ताप. आणि "कोम"च्या आधी तीन अक्षरं, तिचं नाव. मी ते बोटाने परत परत वाचलं, कारण मला भीती वाटत होती की मी मला हवं तेच वाचतोय. फोटो काढायची परवानगी मागितली आणि मोडीवेडा दादांना पाठवला, दहा मिनिटांत त्यांचं उत्तर आलं, तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. नक्कल रीतसर घेतली.

त्याच्या दोनच ओळी वर अजून एक नोंद आहे, तीन दिवस आधीची. मुलगी, नाव नाही, वय एक दिवस, बाप आमचे पणजोबा. ताई, तुम्ही म्हणालात तसंच झालं होतं.

नाव मी इथे लिहीत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे.

त्या गावात गेलो होतो. तिच्या भावाचं घर आहे अजून, नातवंडं राहतात. ओळख सांगितली तर त्यांनाही काही माहीत नव्हतं, आत्ती कोयनेकडे दिली होती आणि बाळंतपणात गेली एवढंच ऐकलेलं. पण त्यांच्या घरात एक म्हाताऱ्या आजी आहेत, त्या भावाची मुलगी, आता नव्वदीच्या आसपास. मी नावाचा कागद पुढे केला तर सगळे त्या आजींकडे बघायला लागले. त्यांचं नाव तेच. बहीण गेल्यावर भावाला मुलगी झाली तेव्हा त्याने तेच नाव ठेवलं होतं. आजींनी मला जवळ बसवून हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. आत्याला पुढच्या आठवड्यात नेलं, दोघी आते-मामेबहिणींसारख्या बोलत बसल्या, खरं तर आत्या त्यांची भाची लागते.

वडिलांनी पोथीत एक नवा कागद घालून ठेवलाय, पितामहीच्या जागी आता दोन नावं आहेत. सावत्र आजीचं नाव काढायचं नाही असं ते ठामपणे म्हणाले, आबांना तिनेच वाढवलं. आणि कर्जरोख्यावर बांगडी काढणाऱ्या आजींचं नावही त्या कागदावर वर लिहिलंय.


निवृत्त_सर्कल:

वाचलं. नकलेची झेरॉक्स तीन ठिकाणी ठेवा आणि मूळ नक्कल प्लास्टिकमध्ये कोंडू नका. मेढ्याच्या चिकटलेल्या वहीसाठी एक अर्ज टाकून ठेवा, कागद सोडवून जतन करणारी माणसं पुराभिलेख विभागाकडे असतात, त्यांच्यामार्फत व्हावं असं लिहा. होईल न होईल, पण तुमच्या अख्ख्या गावाची माणसं त्यात आहेत.


माहेरवाशीण:

दादा, फार बरं वाटलं. एक विचारू का? त्या आजींना तुमच्या पणजीच्या आईचं नाव विचारलंत का? म्हणजे आजींची आजी. त्यांना नक्की ठाऊक असेल.


कोयनाकाठ:

नाही विचारलं. सुचलंच नाही. रविवारी परत जातोय.